लंडनचं कूळ

लंडनमध्ये अमक्यानं फ्लॅट घेतला असं कळलं की आपण दोनच प्रश्न विचारतो. केवढ्याला पडला, आणि स्टेशन किती लांब. ‘घेतला म्हणजे नेमकं काय घेतलं?’ हा तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण आपल्या मते घेतला म्हणजे घेतला. पण तिथं हा तिसरा प्रश्नच खरा. लंडनच्या फ्लॅटवाल्यानं जमीन घेतलेली नसते. छप्पर घेतलेलं नसतं. बाहेरच्या भिंतीसुद्धा बहुधा घेतलेल्या नसतात. त्यानं घेतलेली असतात वर्षं. कुणी नव्याण्णव घेतो, कुणी सव्वाशे, आणि नशीबवान असला तर नऊशे नव्याण्णव. वाण्याकडून साखर आणावी तशी वर्षं मोजून आणायची आणि मग ती रोज थोडी थोडी संपताना बघत बसायचं. साखर संपली तरी डबा आपला राहतो. इथं डबाही परत करायचा.

या प्रकाराला इंग्रजीत लीजहोल्ड म्हणतात. जमिनीचा जो खरा मालक, तो फ्रीहोल्डर. आपल्याकडे सरकारी भाषेत याला ‘भाडेपट्टेदार’ असा भारदस्त शब्द आहे. पण त्याहून नेमका शब्द मला आमच्या दादानं रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावातून टेलिफोनवर पुरवला.

दादाचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, लंडनच्या आग्नेय भागात राहतो. ग्रिनिचपासून बसनं वीस मिनिटं. जुन्या विटांचं दुमजली घर, त्याचे दोन फ्लॅट केलेले, आणि त्यातला तळमजला मागच्या छोट्याशा बागेसकट पुतण्याचा. तो त्यानं २०११ साली घेतला. भाडेपट्टा १९८६ पासून नव्याण्णव वर्षांचा, म्हणजे २०८५ साली खलास. जमिनीचं भाडं दरसाल शंभर पौंड, ते एका कंपनीला द्यायचं. त्या कंपनीचा एकही माणूस पुतण्यानं डोळ्यांनी पाहिलेला नाही. हे सगळं दादाला तेरा वर्षं माहीत नव्हतं. मुलानं लंडनमध्ये घर घेतलं, एवढंच तो गावभर सांगत होता आणि ते ऐकून गावही थकलं होतं.

मग २०२४च्या उन्हाळ्यात शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी कुंपणावरून पुतण्याला विचारलं की, माझ्या बागेतला तुझ्याकडचा पट्टा तू घेतोस का? वय वर्षं चौऱ्याऐंशी, गुडघे दुखतात, एवढी बाग निभत नाही. पट्टा बारा फूट रुंद आणि तीस फूट लांब. तीनशे साठ चौरस फूट. दादानं लगेच हिशेब केला, ‘एक तृतीयांश गुंठा!’ आणि मग सहज म्हणून विचारलं, ‘तुझ्या घराखालची जमीन किती?’ तेव्हा पुतण्याला सगळं सांगावं लागलं. मी त्या वेळी तिथंच होतो, सोफ्यावर. फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. सगळं ऐकून दादा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला,

“म्हणजे तू अजून कूळच का रे?”

हा शब्द आमच्या घरात साधा नाही. आमचे आजोबा, आबा, खोताच्या जमिनीत भात करायचे आणि पिकातला वाटा खंड म्हणून खोताच्या अंगणात नेऊन ओतायचे. १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा झाला. पुढं कुळकायद्यानं ठरवलं की, १ एप्रिल १९५७ या दिवशी जो जमीन कसतो आहे त्यानं ती विकत घेतली असं समजायचं. किंमत मागाहून ठरवायची, ती साऱ्याच्या पटीत आणि हप्त्यांनी फेडायची. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. गावात बातमी आली तेव्हा शाळेतल्या मास्तरांनी तारीख ऐकून ‘आबा, एप्रिल फूल असेल हो’ अशी थट्टा केली, आणि आबांनी ती इतकी मनावर घेतली की पुढचे दोन महिने ते कुणाला काही बोललेच नाहीत. सातबाऱ्यावर नाव चढल्यावरच त्यांनी पेढे वाटले. त्यातला एक मास्तरांना वगळून.

तेव्हा आबांचा पणतू नोकरीला सातासमुद्रापार जातो, कर्ज काढून घर घेतो आणि पुन्हा कूळ होतो, हे दादाला पचणं कठीण होतं. मला दादाची समजूत काढायची कामगिरी देण्यात आली. मी निवृत्त शिक्षक. विषय इतिहास. समजूत काढायची तर आमची गाडी ठरलेल्या स्टेशनावरूनच सुटते. मी १०६६ पासून सुरुवात केली.

१०६६ साली नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंडात उतरला, हेस्टिंग्जची लढाई जिंकला आणि सगळी जमीन आपली असं ठरवून मोकळा झाला. बाकीच्यांनी ती त्याच्याकडून ‘धरायची’. सरदारानं राजाकडून, त्याच्या खालच्यानं सरदाराकडून. वीस वर्षांनी, १०८६ साली, त्यानं गावोगाव माणसं पाठवून नांगर किती, गिरण्या किती, रान किती, कुणाचं किती याची मोजदाद करवली. ते डूम्सडे बुक. इंग्लंडचा पहिला सातबारा म्हणायला हरकत नाही. गंमत अशी की ते तत्त्व अजून रद्द झालेलं नाही. इंग्लंडात आज ज्याला आपण पक्का मालक म्हणतो तो फ्रीहोल्डरही कागदोपत्री राजाकडूनच जमीन धरून असतो. फरक इतकाच की त्याला मुदत नसते.

“म्हणजे राजाचं कूळ,” दादा म्हणाला.

“तसं म्हण.”

“मग हा पोरगा कुळाचं कूळ झाला की! पोटकूळ!”

इतिहासाचे विद्यार्थी असे हुशार असले की शिक्षकाची पंचाईत होते. मी गाडी पुढं दामटली.

धरलेल्या जमिनीचं देणं काहीतरी द्यायचं, म्हणून या मंडळींनी एकेक अजब भाडी लावून ठेवली. लंडनमध्ये स्ट्रँडजवळ एका लोहाराची भट्टी होती. तिचं भाडं सहा घोड्याचे नाल आणि एकसष्ट खिळे. १२३५ सालापासून ते भाडं चालू आहे. भट्टी केव्हाच गेली, लोहार गेला, घोडेही रस्त्यावरून गेले. तरी लंडन शहर दरसाल कोर्टात जाऊन तेच जुने नाल आणि तेच खिळे मोजून देतं. आणखी एक भाडं म्हणजे मिरीचा एक दाणा. काहीतरी घेतल्याशिवाय करार पक्का होत नाही, आणि घ्यायचं तर काहीच नाही, अशा वेळी मिरीचा दाणा लिहायचा. बर्म्युडा बेटावर एक जुनी सरकारी इमारत १८१६ पासून याच भाड्यानं दिलेली आहे, आणि तो एक दाणा दरसाल चांदीच्या तबकात, मखमलीच्या उशीवर ठेवून गव्हर्नरला अर्पण करतात. २०२२ साली इंग्लंडात कायदा झाला की यापुढं नव्यानं होणाऱ्या बहुतेक लांबच्या भाडेपट्ट्यांत जमिनीचं भाडं वर्षाला मिरीच्या एका दाण्याहून जास्त असता कामा नये. जुन्यांना मात्र तो लागू नाही. पुतण्याचे शंभर पौंड तसेच चालू.

हे ऐकून दादाला प्रथमच बरं वाटलं. आमच्या पोफळींवर मिरीचे वेल आहेत. त्या हिशेबानं अर्धं लंडन आपण भाड्यानं घेऊ शकतो असा त्याचा अंदाज पडला.

मी म्हटलं, “दादा, अर्धं लंडन राहू दे. सगळी मुंबई याच पद्धतीनं दिली गेली होती.”

मुंबई पोर्तुगिजांनी इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला लग्नात आंदण दिली हे शाळेत सगळे शिकतात. लग्नाचा तह १६६१चा. पण पुढचा भाग पाठ्यपुस्तकातून गळतो. आंदणात नेमकं काय काय आलं यावरून लगेच भांडण जुंपलं. इंग्रज म्हणाले आजूबाजूची बेटंही आमची. पोर्तुगीज म्हणाले, मुंबई म्हणजे मुंबई, बस्स. १६६५ साली इंग्रजांच्या हाती आलं ते एवढंच बेट. चतुःसीमा नीट न लिहिता घेतलेल्या जागेचं आणखी काय होणार? तीन वर्षांनी, २७ मार्च १६६८ रोजी, राजानं कंटाळून ते बेट ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. भाडं दरसाल दहा पौंड, सोन्यात, तीस सप्टेंबरला. आणि सनदेत शब्द घातले की कंपनीनं हे बेट केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रिनिच इथल्या राजाच्या जहागिरीतला भाग असल्यासारखं धरावं. म्हणजे कागदोपत्री आपली गिरगाव चौपाटी ग्रिनिचच्या हद्दीत. राजाचे वकील कुठलीही लांबची जमीन देताना हाच साचा वापरत. १६०६ सालच्या व्हर्जिनियाच्या सनदेतही ग्रिनिचच आहे.

“म्हणजे मुंबई दहा पौंडांत,” दादा सावकाश म्हणाला, “आणि ह्याच्या दोन खोल्या शंभर पौंडांत?”

त्या वेळचे दहा पौंड मोठे होते, असं मी सांगितलं. पण त्यात दम नाही हे मलाही कळत होतं.

आता नव्याण्णव वर्षांकडे येऊ. १६७७ साली मेरी डेव्हिस नावाच्या बारा वर्षांच्या मुलीचं सर थॉमस ग्रोव्हनर या तरुण सरदाराशी लग्न झालं. मुलीच्या नावावर लंडनच्या पश्चिमेला सुमारे पाचशे एकर कुरणं आणि दलदल होती. आपल्याकडच्या वरपित्यानं दलदल बघून सोयरीक मोडली असती. ग्रोव्हनरांनी धीर धरला. शहर वाढत वाढत त्यांच्या दलदलीपर्यंत आलं आणि तिथं मेफेअर आणि बेलग्रेव्हिया उभी राहिली. पण त्यांनी जमीन विकली नाही. बांधकाम करणाऱ्यांना मुदतीनं दिली. घर तुम्ही बांधा, तुमच्या पैशानं बांधा, आम्हाला थोडंसं भाडं द्या. मुदत संपली की जमीन आमची, आणि तिच्यावर उभं असलेलं घरही आमचं. बेडफर्ड, कडोगन, पोर्टमन अशा इतर घराण्यांनीही हाच मार्ग धरला. पणजोबानं दलदल राखायची आणि पणतवानं वाडे मोजून घ्यायचे. या व्यवहारात हुशारी लागत नाही. नुसतं न मरणारं घराणं लागतं.

पण सरदारांचं ठीक आहे. साध्या फ्लॅटमध्ये हे भाडेपट्ट्याचं खूळ का शिरलं? त्याचं कारण मोठं मजेदार आहे आणि ते गळक्या छपराशी येऊन थांबतं. १८८५ साली ओल्डहॅममधल्या एका रस्त्याच्या दुरुस्तीवरून झालेल्या खटल्यात कोर्टानं सांगितलं की, मी अमुक करीन, खर्च करीन, असं वचन जमिनीच्या मालकानं दिलं, तर ते फक्त त्याला बांधतं. त्याच्याकडून जमीन घेणाऱ्याला बांधत नाही. १९९४ साली हेच पुन्हा हाउस ऑफ लॉर्ड्सपुढं गेलं. या वेळी एका घराचं छप्पर शेजारच्या घरावरही होतं आणि ते गळत होतं. दुरुस्तीचं वचन जुन्या मालकानं दिलेलं. नवा मालक म्हणाला, मी कुठं दिलंय? आणि लॉर्ड्स म्हणाले, बरोबर आहे. आता सांगा, चार मजल्यांचे चार मालक स्वतंत्र केले आणि वरच्यानं छप्पर शिवायला नकार दिला, तर खालच्यानं छत्री घेऊन झोपायचं काय? भाडेपट्ट्यात मात्र अशी वचनं नव्या भाडेकरूलाही बांधतात. म्हणून एक मालक वर बसवायचा आणि बाकी सगळ्यांना कुळं करायचं. २००२ साली आपल्या सोसायटीसारखी सामायिक मालकीची ‘कॉमनहोल्ड’ नावाची सोय कायद्यानं केली, पण तिच्या वाटेला फार थोडे गेले.

एवढा इतिहास पोटात गेल्यावर दादा म्हणाला, “मग तो बागेचा पट्टा? तोही मुदतीचाच?”

आणि इथंच गोष्टीला कलाटणी मिळाली. कारण म्हाताऱ्या बाई फ्रीहोल्डर होत्या. स्वतःच्या घराच्या आणि बागेच्या पक्क्या मालक. त्यांनी पट्टा विकला तर तो कायमचा. म्हणजे पुतण्याचं घर २०८५ साली दुसऱ्याचं होणार आणि घराशेजारचा एक तृतीयांश गुंठा विल्यमच्या वंशजांचं राज्य असेपर्यंत त्याचा राहणार!

दादानं त्या दिवसापासून या व्यवहाराचा ध्यास घेतला. रोज सकाळी त्याचा फोन. त्याची पहिली सूचना कोकणी अनुभवातून आलेली होती. “पैसे कशाला देतोस? कुंपण दरवर्षी वीतभर सरकव.” आमच्याकडे याला बांध कोरणं म्हणतात आणि कोकणातले निम्मे दिवाणी दावे याच्यावरच चालत असावेत. पुतण्यानं वकीलबाईंना हे विनोद म्हणून सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की, इंग्रजी कायद्यानं भाडेकरूनं शेजारची जमीन बळकावून वहिवाटीनं मिळवली, तर त्यानं ती आपल्या मालकासाठीच मिळवली असं सहसा धरलं जातं. ती भाडेपट्ट्याला चिकटते आणि मुदत संपली की मालकाकडे जाते. चोरी आपण करायची आणि माल मालकाचा. विकत घेतलेली जमीन मात्र आपली. इंग्लंडात प्रामाणिकपणा का टिकून आहे याचं हे मला सापडलेलं सर्वांत सरळ कारण.

वकीलबाईंनी एक सोपा मार्गही सुचवला होता. पट्टा घराच्या मालक कंपनीला घेऊ द्यावा, पैसे पुतण्यानं द्यावेत, आणि मग तो त्याच्या भाडेपट्ट्यात जोडून घ्यावा. एकच कागद, पुढं विकताना सुटसुटीत. पुतण्या क्षणभर विचारात पडला. सूनबाई म्हणाली, “पैसे आपले आणि मालक ते? मग घेतोय कशाला?” दादाला हे आम्ही सांगितलंच नाही. त्याचं रक्तदाब मोजायचं यंत्र बिघडलेलं होतं.

खरी अडचण निराळी होती. पुतण्याच्या बागेत आणि त्या पट्ट्यात जे कुंपण होतं ते भाडेपट्ट्याप्रमाणे कंपनीचं. ते काढायला किंवा त्यात फाटक बसवायला कंपनीची परवानगी हवी. कंपनीनं कळवलं की परवानगीचा विचार करू, पण विचार करण्याची फी लागेल. विचाराला फी घेणारे लोक मी तोपर्यंत फक्त ज्योतिषी पाहिले होते.

आणि समजा फाटक झालं, तरी २०८५चं काय? घर गेलं, की मधली बाग गेली. मग पट्ट्यावर जायचं कसं? चारी बाजूंनी परक्याची जमीन आणि मध्ये आपलं बेट. मला हाँगकाँग आठवलं. हाँगकाँग बेट ब्रिटिशांनी १८४२ साली चीनकडून कायमचं घेतलं, समोरचा कौलूनचा तुकडा १८६० साली कायमचा घेतला. मग जागा पुरेना. म्हणून १८९८ साली मागचा मोठा मुलूख नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्यानं घेतला, तोही बिनभाड्याचा. म्हणजे घर मालकीचं आणि परसू मुदतीचं. पाणी, शेती, वाढती वस्ती सगळं हळूहळू परसात गेलं. वसाहतीच्या जमिनीपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास हे परसू. मुदत भरत आली तेव्हा लक्षात आलं की परसाशिवाय घर चालत नाही. १९८४ साली करार झाला आणि १ जुलै १९९७ला परसाबरोबर घरही परत गेलं. पुतण्याचं प्रकरण याच्या बरोबर उलटं होतं. इथं घर मुदतीचं आणि परसू मालकीचं. मी हे त्याला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तो म्हणाला, “काका, तुम्ही मला धीर देताय की घाबरवताय?”

पण वकीलबाईंना ते पटलं. त्यांनी म्हाताऱ्या बाईंच्या घराच्या कडेनं रस्त्यापर्यंत पायवाटेचा हक्क खरेदीखतात लिहून मागितला. पायी जाण्यायेण्यापुरता आणि ढकलगाडीपुरता. तो त्या जमिनीबरोबर राहणार, बाई असोत नसोत. दादाला ही वहिवाट लगेच समजली. आमच्या घरी जायची वाटही दुसऱ्याच्या आगरातूनच आहे आणि तिच्यावरून तीन पिढ्या बोलणं बंद आहे.

बाई तयार झाल्या. त्यांची एकच अट होती. पट्ट्यात सफरचंदाचं एक जुनं झाड आहे, ते त्यांच्या नवऱ्यानं लावलेलं. ते जिवंत असेपर्यंत तोडायचं नाही, आणि त्या जागेवर काही बांधायचं नाही. पुतण्या म्हणाला, मी शब्द देतो. वकीलबाई म्हणाल्या, शब्द नको, कलम घालू.

इथं पुन्हा इतिहास मदतीला आला, आणि तोही बागेचाच. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधली बाग टुल्क नावाच्या गृहस्थानं १८०८ साली विकली. अट अशी की ती बाग म्हणून नीट राखावी आणि तिथं इमारत उठवू नये. पुढं हातोहात जात ती मॉक्सेकडे आली. त्याला बांधकाम करायचं होतं. मी कुठं वचन दिलंय, हा त्याचाही मुद्दा. पण १८४८ साली लॉर्ड चॅन्सेलरनं सांगितलं की, अट माहीत असून जमीन घेतलीस, आता ती पाळ. तेव्हापासून इंग्लंडात एक नियम बसला. ‘करणार नाही’ हे वचन जमिनीबरोबर पुढं जातं. ‘करीन’ हे वचन जात नाही. लेस्टर स्क्वेअरवर इमारतीला मनाई झाली. पण झाडांना पाणी घालायला कुणालाच भाग पाडता येईना, आणि बागेची रया इतकी गेली की १८७४ साली अल्बर्ट ग्रँट नावाच्या खासदारानं ती विकत घेऊन, दुरुस्त करून लोकांना देऊन टाकली.

म्हणजे झाड तोडायचं नाही हे कायदा बघून घेणार. झाडाला पाणी घालायचं हे पुतण्यानं बघायचं. त्यासाठी इंग्लंडात कलम नाही.

शेवटी नकाशा झाला. पट्ट्याभोवती लाल रेघ. नोंदणी कार्यालयाची ही लाल रेघही मोठी तत्त्वज्ञ आहे. ती सीमा साधारण कुठं आहे एवढंच सांगते, नेमकी कुठं ते सांगत नाही. म्हणून वकीलबाईंनी दोघांच्या मधल्या नव्या कुंपणाची जागा टेपनं मोजून, फूट-इंच लिहून, खतातच घातली. मुंबईचं आंदण घेताना ही बाई हवी होती. जमिनीला आठ हजार पौंड पडले आणि कागदांना साडेतीन. फाटकाचा विचार करण्याची फी त्यातच धरली आहे. २०२५च्या मार्चमध्ये नोंद झाली आणि कार्यालयाकडून उतारा आला. त्यावर मालक म्हणून दोघांची नावं. मुदतीचा रकाना नाही. झाडाचं कलम खाली लिहिलेलं.

भाडेपट्ट्याचा प्रश्न आहे तसाच आहे. १९९३च्या कायद्यानं फ्लॅटवाल्याला मोबदला भरून नव्वद वर्षं वाढवून मागता येतात. २०२४ साली आणखी एक कायदा झाला, त्यात नऊशे नव्वद वर्षांची तरतूद आहे, पण त्याची सगळी कलमं एकदम लागू झाली नाहीत. पुतण्या पैसे साठवतो आहे. त्याची मुलगी २०१५ची. मुदत भरेल तेव्हा ती सत्तर वर्षांची असेल, आणि हा हिशेब दादा मधूनमधून मला फोनवर सांगतो, जणू मीच तो करार केला आहे.

उताऱ्याची प्रत दादानं गावातल्या पोराकडून छापून आणली आणि माजघरात आबांच्या सातबाऱ्याशेजारी लावली. मग त्यानं मुलाची तपासणी घेतली.

“सारा किती?”

“नाही बाबा.”

“खंड?”

“नाही.”

“मिरीचा दाणा?”

“तोही नाही.”

२०२५च्या सप्टेंबरात झाडाला सफरचंदं आली. पुतण्यानं टोपलीभर काढून कुंपणावरून शेजारच्या बाईंना दिली. हे फोनवर कळताच दादाचा आवाज चढला. “म्हातारीनं खंड लावलाय काय रे? कागदात आहे काय तसं?”

कागदात नाही, मीच देतो, असं पुतण्यानं सांगितलं. दादा थोडा वेळ गप्प बसला.

“मग मोठी मोठी निवडून दे,” तो म्हणाला. “किडकी खोताला द्यायची असतात.”